चाळीस हजार फाइली

"पायथन सापडत नाही," असं नवा लॅपटॉप चौथ्यांदा म्हणाला. धाकट्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"कोण सापडत नाही?" आईने पलंगावरून विचारलं.

"आहे एक. तो आल्याशिवाय बाकीचे कामाला हात लावत नाहीत."

"असा एक प्रत्येक ऑफिसात असतो," आई म्हणाली. "मिळेल. जेवायच्या वेळेला येतो तो."

आईची नजर अधू झाली तेव्हा दादाने तिच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. रोज सकाळी आठला त्यातून दादाचा आवाज यायचा: 'आई, आधी गोल, मग चौकोनी. आणि पाणी पूर्ण पी, अर्धा ग्लास माझ्यासाठी ठेवू नकोस.' आई डबीत बोटं घालून चाचपत गोळ्या शोधायची. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. प्रोग्रामला ते कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे तो रोज वेळेवर हजर असायचा.

बाबांनी मात्र त्या दिवसापासून बोलणं सोडलं होतं. डॉक्टरांनी घसा तपासला. घसा उत्तम निघाला. तेव्हापासून बाबा गॅलरीत खुर्ची टाकून घराकडे पाठ करून बसत.

धाकटाही प्रोग्रामर, दुसऱ्या शहरात नोकरीला होता. महिन्यातून एकदा घरी यायचा आणि आठ वाजायच्या आत बाथरूममध्ये शिरून नळ मोठा सोडायचा. त्याला ते ऐकवत नसे.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. "तुझा दादा अडखळायला लागलाय रे."

अडखळत होता तो जुना लॅपटॉप. धाकटा रजा टाकून नवा घेऊन आला. आल्या आल्या त्याने जुन्यावर या धंद्यातला प्रत्येक जण करतो तेच केलं: नेटवरून उतरवलेल्या पॅकेजेसचा, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडचा, फोल्डर उडवून टाकला. त्यात चाळीस हजार फाइली असतात, कॉपी करायला दिवस जातो, आणि एका आज्ञेत सगळं नेटवरून परत येतं. दाढी केल्यावर केस पुडीत बांधून ठेवतं का कुणी? जुन्या लॅपटॉपने उरलेल्या अकरा फाइली पेन ड्राइव्हवर दिल्या, एकदा मोठ्याने घरघरला आणि बंद पडला. पुन्हा काही सुरू झाला नाही.

सगळं परत आलं. फक्त आवाजाचं पॅकेज अडून बसलं. ते तयार मिळत नव्हतं, ज्या त्या कम्प्युटरवर नव्याने बांधून घ्यावं लागायचं. घरी सुतार बोलावून कपाट करून घ्यावं, आणि सुताराने दारातच विचारावं, करवत कुठाय?

धाकट्याने पायथन नावाची ती करवत आणून दिली. मग रंधा, म्हणजे कम्पायलर, नव्हता. तो टाकला, तर एकशे चौदा ओळींची तक्रार आली. त्यातल्या एकशे तेरा दुसऱ्या कुणाबद्दल होत्या. शेवटची म्हणत होती, तुमचं सगळं फारच नवं आहे, हे पॅकेज पाच वर्षांपूर्वीचं.

"काय म्हणतोय आता?" आईने विचारलं.

"मागे जा म्हणतोय. पाच वर्षं."

आईने उशी सरकवून पाठ टेकली. मग म्हणाली, "जमत असेल तर जा बाबा."

तेवढ्या वेळात बाबा तीनदा दारापर्यंत आले, स्क्रीनकडे बघून परत गेले. चहा हवा असेल, असं समजून धाकट्याने तिन्ही वेळा चहा नेऊन दिला. तिन्ही कप गॅलरीत तसेच निवत राहिले.

चार वाजता जुनी आवृत्ती बसली. पंखा जोरात फिरला, ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटी एकच शब्द उरला: यशस्वी.

धाकट्याने प्रोग्राम चालू केला. स्क्रीनवर आलं: आवाजाची फाइल सापडली नाही.

त्याने दादाचा कोड उघडला. आवाजाचं पॅकेज रेकॉर्डिंग स्वतःच्याच फोल्डरात टाकत असे. म्हणजे त्या चाळीस हजारांत. त्या ओळीशेजारी दादाने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: 'ही जागा बरोबर नाही. सवडीने हलवायचं.'

तसा उडवलेला फोल्डर कचरापेटीत जात नाही. जातो तो जातोच. धाकट्याने तरीही नव्याच लॅपटॉपची कचरापेटी उघडून पाहिली. मग पालथ्या मुठीने डोळे पुसले.

"झालं का रे?" आईने विचारलं.

"झालंच. पाच मिनिटं."

लॅपटॉप घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून घेतलं. गोळ्या बदलल्या तर नवं बोलता यावं म्हणून दादाने स्क्रीनवर मोठं लाल बटण ठेवलं होतं. ते दाबलं की जुनं पुसून नवं बसायचं. वापरणं इतकं सोपं की लॅपटॉपला कधी हात न लावलेल्यालाही जमावं. दादासारखं जरा नाकात, शेवटी हसू दाबत, धाकटा बोलला. पहिल्यांदा रडू फुटलं. सहाव्या वेळी बरं जमलं.

बाहेर येऊन त्याने ते आईला ऐकवलं. 'आई, आधी गोल, मग चौकोनी. आणि पाणी पूर्ण पी, अर्धा ग्लास माझ्यासाठी ठेवू नकोस.'

आईने मान कलती करून सगळं ऐकलं.

"छान बोललास," ती म्हणाली. "फक्त चौकोनी बंद झाली रे. यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बदलली. आता लांबट असते."

धाकट्याचे कान तापले. "मग इतके दिवस हा काय सांगायचा?"

"लांबट."

"दादा?" त्याचा आवाज चढला. "यंदाच्या उन्हाळ्यात दादा कसा..."

आईने चाचपडत त्याचा हात शोधला आणि घट्ट दाबला.

"हळू बोल," ती गॅलरीकडे तोंड करून कुजबुजली. "बाबांना वाटतं, मला अजून ओळखू आलेलं नाही."