धक्क्यावरची चूक

ताईंनी पर्स उघडून पुन्हा एकदा खात्री केली. पान जागच्या जागी होतं. चार घड्या घातलेलं, एका कडेला वेडंवाकडं फाटलेलं. बस धक्क्याकडे वळली तशी त्यांनी पर्स मिटली आणि मांडीवर घट्ट धरून ठेवली.

सकाळपासून सहलीतली, मालिकेच्या शूटिंगची दोन ठिकाणं बघून झाली होती. मालिकेतला खलनायक जिथून गडगडत खाली येतो, तो दीपगृहाचा जिना झाला. नायिकेचं घर झालं. त्याला पुढची भिंत तेवढी होती, मागे सगळा आनंदीआनंद. तरी चाळीस माणसांनी त्या दाराशी उभं राहून फोटो काढले. आता राहिला बोटीचा धक्का. सगळे आले होते ते खरं याच्यासाठीच, आणि ताईसुद्धा.

"चला, उतरा, पाय जपून टाका!" गाइड माइकवरून ओरडली. चाळिशीला टेकलेली, काडीसारखी बाई, पण तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू होता. चौदा वर्षांपूर्वी याच मालिकेच्या कपडेपटात तिला सगळे टाचणी म्हणत. तिच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे ती बोलायचीच नाही. आज तिने ताईंना बसमध्ये ओळखलं नव्हतं, निदान तसं दाखवलं तरी नव्हतं.

तो कपडेपट ताईंचा होता. कोणी कुठला कोट घातला, त्याचं वरचं बटण लावलं होतं की उघडं, सगळं त्यांच्या वहीत असायचं. दिग्दर्शकसुद्धा त्यांना वचकून असे. शेवटच्या भागात नायिका याच धक्क्यावर धावत येते आणि तिच्या डोळ्यांदेखत नायकाला घेऊन बोट निघून जाते. धावताना तिच्या गळ्यात निळा स्कार्फ असतो. चेहरा जवळून दिसतो, तेव्हा गळा मोकळा. पुढच्याच क्षणी स्कार्फ पुन्हा हजर!

भाग दाखवला गेला आणि निर्मात्याने सगळ्यांना समोर उभं केलं. "कोणाचं काम हे?" ताई गप्प राहिल्या. नुसत्या गप्प राहिल्या नाहीत, त्यांनी टाचणीकडे बघितलं. तेवढं पुरलं. संध्याकाळी कामावरून काढलेली ती पोरगी आपली कात्री घेऊन घरी गेली आणि ताईंनी वहीतलं ते पान फाडलं.

गेल्या महिन्यात नातीने मोबाइलवर या सहलीचा व्हिडिओ दाखवला. त्यात टाचणी भर गर्दीत सांगत होती, चूक माझी, आणि लोक पोट धरून हसत होते. ताईंनी तिथे जायचं ठरवलं. "आई, कशाला जुनं उकरून काढतेस?" मुलगा म्हणाला. ताईंनी तिकीट काढलं. इतकी वर्षं ती आपलं पाप डोक्यावर घेऊन हिंडली, आज ते चारचौघांत उतरवायचं. मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

धक्क्याच्या कठड्याला शेकडो निळे स्कार्फ बांधलेले होते.

"हे का बांधतात, माहितीये?" टाचणी म्हणाली. "नायिकेने स्कार्फ समुद्रात टाकला आणि समुद्राने तो परत आणून दिला. म्हणजे गेलेला माणूसही परत येणार! लोकांनीच जुळवलं हो हे सगळं. खरं काय सांगू? कपडेपटातली एक बावळट मुलगी स्कार्फ विसरली. कोण ती मुलगी? ही काय, तुमच्यासमोर उभी आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई पुढे झाल्या. त्यांनी पर्समधून ते पान काढलं.

"थांबा. चूक हिची नाही. कपडेपटाची प्रमुख मी होते. लाटेने स्कार्फ भिजला म्हणून मी तो काढून वाळत घातला आणि मीच विसरले. हे बघा, माझ्या अक्षरात आहे."

टाचणीने क्षणभर डोळे मिटले. मग माइक तोंडाशी नेला. "बघा मंडळी, आता माझी चूक पळवायलाही माणसं यायला लागली!" हशा पिकला. लोक हसत हसत कठड्याकडे पांगले.

माइक बंद करून ती ताईंपाशी आली. तिने पान उलगडून शांतपणे वाचलं.

"मी खरं बोलतेय गं," ताई म्हणाल्या.

"माहितीये, ताई. शूटिंग संपल्यावर तो दोरीवरून काढून मीच घडी केली होती."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तोंडात टाचण्या होत्या ना." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "तेव्हा तुम्ही बोलायला हवं होतंत. फार वाटायचं मला. वर्षभर वाट बघितली तुमची. मग एक दिवस इथे येऊन उभी राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगायला लागले. आज ही बस आहे, घर आहे, मुलं शिकताहेत. लोक मलाच बघायला येतात, ताई."

ताईंचे डोळे भरून आले.

टाचणीने त्या पानाच्या जुन्या घड्या जशाच्या तशा घातल्या, ते ताईंच्या पर्समध्ये ठेवलं आणि पर्स मिटली.

"ती चूक तुम्हीच दिलीत मला," ती म्हणाली. "आता परत मागायला यायचं नाही."