खाली उतरलेलं वावर

इथंही कुदळ खणकन वाजली. कुवरसिंगनं ती उचलून पुन्हा मारली. ठिणगी उडाली. वीतभर मुरूम निघाला होता आणि खाली काळा खडक. सकाळपासून त्यानं आपल्या वावराचा एकेक कोपरा उकरून पाहिला होता. कुठंच कमरेइतका खड्डा होत नव्हता.

"भाऊ, खाले बठ्ठा खडकच शे," शेजारचा ईश्वर म्हणाला आणि त्यानं कुदळ त्याच्या हातातून काढून घेतली.

घराच्या सावलीत दगडीबाईला झाकून ठेवलं होतं. कुवरसिंगची आई. पहाटे गेली. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर कडकडत होतं आणि कुवरसिंगची बायको ममता फडक्यानं माशा हाकत बसली होती. म्हातारीला फार वेळ ठेवता येणार नव्हतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या पाड्यात माणूस गेलं की घराघरातून एकेक ओंडका येई. लोक खांद्यावरून आणत, अंगणात टाकत आणि बघता बघता सरण रचलं जाई. आज लोक आले ते मान खाली घालून. कोणी पऱ्हाटीचा भारा आणला, कोणी बाभळीच्या काटक्या. त्यावर चूल पेटली असती, माणूस जळलं नसतं. कुवरसिंगनं घराकडे पाहिलं. घरातले सागाचे खांब तर त्यानं केव्हाच विकले होते. छपराला आता लोखंडी पाईप होते. चोपड्याच्या वखारीत लाकूड मिळे, पण पाड्यातली एकुलती जीप लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेली होती.

म्हणून पुरायचं ठरलं. आणि आता जमीनही आत घेईना.

हा डोंगर पूर्वी असा नव्हता. कुवरसिंग लहान असताना अंजन, साग आणि धावड्याच्या गर्दीत भरदुपारी अंधार असे. आधी चुलीसाठी तोडलं, मग ट्रकवाल्यांसाठी, आणि शेवटी नांगर फिरवायला जागा हवी म्हणून सगळ्यांनी मिळून डोंगर बोडका केला. कुवरसिंगची कुऱ्हाड त्यात मागे नव्हती. नव्या जमिनीत मका असा माजला की आत शिरलेलं माणूस दिसेना. मग दर पावसाळ्यात पाणी गढूळ होऊन खाली पळायला लागलं. मका छातीएवढा झाला, मग गुडघ्याएवढा. गेल्या साली तर बी उगवलंच नाही. दगडांच्या फटीत भाजून गेलं.

"तळ्यात नेऊ," कुवरसिंग एकदम म्हणाला.

पाड्याच्या खाली पाझर तलाव होता. नवा होता तेव्हा त्यात म्हशी डुंबत. आता तो गाळानं भरून सपाट झाला होता आणि वर भेगा पडल्या होत्या.

ईश्वर दचकला. "तळामा? अन् पाणी उनं तं?"

"कोठून येई?"

लोकांनी दगडीबाईला उचललं.

तळ्याच्या कोपऱ्यात कुवरसिंगनं पहिला घाव घातला आणि त्याचा तोल गेला. कुदळीचं पातं आवाज न करता बुडालं होतं. तो खणत सुटला. गुडघाभर झालं, कमरेइतकं झालं, तरी माती संपेना. वरचा पापुद्रा गेल्यावर ती काळी, मऊ, हाताला गार लागणारी होती. तो खड्ड्यात उभा राहून नुसता बघत राहिला. शेवटी ईश्वरनं हात देऊन त्याला वर ओढलं.

म्हातारीला आत ठेवलं. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मग फावड्यानं ओढली आणि लोक पांगले. मागे कुवरसिंग आणि ममता दोघंच राहिले. काठावर बरीच माती उरली होती.

कुवरसिंग मटकन खाली बसला. पाड्यातली निम्मी घरं कुलपं लावून सुरतेला कामाला गेली होती. त्यांचंही ठरलेलंच होतं. अंथरुणाला खिळलेल्या आईपायी अडलं होतं.

"आते आठे काय ऱ्हायनं?" तो म्हणाला. "उद्या निंघूत."

ममतानं उरलेल्या ढिगातली चिमूटभर माती बोटांत चोळली, वास घेतला. मग वर पाहिलं. त्यांच्या वावरातून निघालेली घळ थेट खाली उतरून याच कोपऱ्यात संपत होती.

"हाई आपलं वावर शे," ती म्हणाली.

कुवरसिंगनं मान वर केली. तोवर तिनं खड्ड्यापाशी पडलेली पाटी ओढली होती. दोन्ही हातांनी माती भरली, पाटी डोक्यावर घेतली आणि चढ चढायला लागली.

"एक पाटीनं काय व्हई?" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "वेडी झाली का तू? काय व्हई?"

ती थांबली नाही.

वर वावरात पोचून तिनं पाटी उपडी केली. जेमतेम पाटाएवढा खडक झाकला गेला. वाऱ्यानं त्यातलीही थोडी उडवली. तिनं घाईघाईनं भोवती दगड लावले, मातीवर तळवा दाबून ठेवला आणि तशीच बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून रिकामी पाटी घेतली आणि ती खाली उतरायला लागली, तेव्हा अंगातला सदरा काढून त्यात माती बांधलेला कुवरसिंग घळीतून वर येत होता.