कपाटामागचे बटण

त्याने मोबाइलचा दिवा लावण्याआधीच तिने भिंतीलगतच्या अवजड कपाटामागे कोपरापर्यंत हात घातला, आणि खोलीत उजेड झाला.

बाहेर भर दुपार होती. पण तळ्याकाठचे ते घर बरेच दिवस बंद होते. खिडक्यांच्या फळ्या मिटलेल्या, आत काळोख. घर सांभाळणारी म्हातारी किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उंबऱ्यातच थबकली.

"बरं सापडलं तुम्हाला, ताई," म्हातारी म्हणाली. "नव्या माणसाला ते बटण मलाच दाखवावं लागतं. कपाट मागाहून आलं, बटण दडलं."

"हात गेला सहज," ती हसून म्हणाली आणि बोटांची जळमटे झटकू लागली.

'सहज' हा शब्द त्याला मानवला नाही. तो लिफ्टची तपासणी करणारा निरीक्षक होता. लिफ्ट सहज अडकत नाही आणि दोर सहज झिजत नाही, हे लोकांना समजावून सांगण्याचाच त्याला पगार मिळे.

लग्न पुढच्या आठवड्यात होते. कचेरीत जाऊन सह्या, साक्षीला तिचा मामा, त्याची बहीण आणि एक मित्र, दुपारी घरीच जेवण, आणि संध्याकाळी निघून थेट या घरी. चार दिवस फोन बंद. तिच्या आत्याने हे ऐकून कपाळाला हात लावला होता. "लग्न करताय की विजेचा मीटर बदलून घेताय?" पण दोघांनाही असेच हवे होते: गाजावाजा नको, धावपळ नको. घर त्याने शोधले होते, तेही मालकाशी फोनवर बोलून. आज तोही ते पहिल्यांदाच पाहत होता. तिने तर घराचा फोटोसुद्धा पाहिलेला नव्हता. "या बाजूला मी जन्मात आले नाही रे," असे ती वाटेत दोनदा म्हणाली होती.

"चल, वरची खोली बघू," म्हणत ती लाकडी जिना चढू लागली. आत्याची नक्कल करीत, मान वळवून त्याच्याशी बोलत चढत होती. तो मागोमाग निघाला. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय पडला आणि फळी किंचाळली.

तो थांबला. तिच्या पायाखाली ती फळी वाजली नव्हती. तिने पायरी ओलांडली होती. खाली न पाहता, बोलण्यात खंड न पाडता.

वर एक रुंद खाट होती आणि तळ्याकडे उघडणारी खिडकी. ती खाटेच्या कडेवर बसली. "काय इन्स्पेक्टरसाहेब? खाट पास की नापास?"

"तू इथे आधी आली आहेस."

"मी?"

"कुणाबरोबर आली होतीस?"

तिचे हसू विरले. "अरे, शुद्धीवर आहेस ना? घर तू शोधलंस. मला तर रस्तासुद्धा माहीत नव्हता."

"कपाटामागचं बटण माहीत होतं. पायरी माहीत होती."

"कुठली पायरी?"

तिने हे इतक्या खरेपणाने विचारले की त्याला कसेसेच झाले. ती खोटे बोलत असती, तर ते त्याला सोपे गेले असते.

दोघे खाली आले. म्हातारी खिडकीच्या फळ्या उघडण्याच्या खटपटीत होती. त्याने तिला सरळच विचारले, "मावशी, या ताई इथे कधी येऊन गेल्यात का?"

म्हातारीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "डोळे अधू झालेत हो माझे. चेहरे राहत नाहीत ध्यानात." मग किल्ल्या चाचपीत ती म्हणाली, "चालण्याचा आवाज तेवढा राहतो. चला, मागची खोली बघायची राहिली. तळ्याकडचं दार तिकडेच आहे."

मागे जाणारा बोळ अरुंद होता आणि बाहेरच्या खोलीतला उजेड तिथवर अंधूकच पोचत होता. म्हातारी पुढे गेली. तिच्यामागे तो, पण त्याची मान वळलेली, नजर मागून येणाऱ्या तिच्याकडे.

"आधी कुणी असेल तर असू दे," तो चालता चालता तिला म्हणत होता. "त्याचं मला काही वाटत नाही. पण लपवाछपवी नको. खरं काय ते आज सांग, नाहीतर पुढच्या आठवड्यात मी सही करणार नाही. सांगून ठेवतो."

"साहेब, डोकं..." म्हातारी पुढून ओरडली, आणि वाक्य अर्धेच सोडून गप्प झाली.

त्याचेही बोलणे तुटले. त्याच्या आणि तिच्यामध्ये आता, बोळाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, एक जाड तुळई होती. बरोबर त्याच्या भुवईच्या उंचीवर. धुराने काळवंडलेली, अंधारात अंधारासारखीच. उंच माणसांचे कपाळ फुटू नये म्हणून तिच्या मधोमध कुणीतरी कधीकाळी चिंध्या गुंडाळून ठेवल्या होत्या. चिंध्यांचा त्याला स्पर्शही झाला नव्हता. मागे पाहत, बोलत असतानाच तो तिच्याखालून पार झाला होता.

तुळईच्या पलीकडे ती उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण राग आता नव्हता.

"तू का वाकलास?" तिने हळूच विचारले.

तुळई मागे पडली होती, वर छतापर्यंत मोकळी जागा होती. तरी सरळ उभे राहण्याचे धाडस त्याला होईना.