खाजा मियाचे डोळे

"डावीकडं," खुर्शीदबी म्हणाली आणि खाजा मियानं नाव डावीकडं वळवली.

समोर बेट लख्ख दिसत होतं. त्याच्या टोकावरचा लोखंडी खांब, खांबावर नावाड्यांसाठी लावलेला दिवा, सगळं अगदी नाकासमोर. तरी नाव भलतीकडंच निघाली, तसा राणी सिस्टरनं लसींचा डबा घट्ट धरला.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा इथल्या टेकडीचं बेट झालं होतं. वरची पंधरा घरं राहिली, खालचं गाव बुडालं. राणीची डोंगरकडा गावाहून बदली होऊन दोन महिने झाले होते. दर बुधवारी तिला बेटावर जावं लागे आणि नाव ही एकच.

"आता सरळ. बस. जरा उजवीकडं."

म्हातारी पुढच्या फळीवर बसून सांगत राही, मागं म्हातारा मुकाट्यानं वल्हं मारी. राणीनं शेजारी बसलेल्या बेटावरच्या देविदासला हळूच विचारलं, "चाचांना नीट दिसतं ना?"

"नावेत बोलू न्हाई, सिस्टर," तो म्हणाला आणि पाण्याकडं बघत बसला.

त्या दिवसापासून म्हाताऱ्यावरची तिची नजर हटेना. नवरा-बायको एकमेकांचा हात धरूनच नावेत चढत. नाव चालवताना खाजा मिया कुणाच्या तोंडाकडं बघत नसे. एकदा तिनं मुद्दाम डबा त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही. बायको काय सांगतेय ते ऐकत तसाच उभा राहिला.

पुढच्या बुधवारी नावेत एक बाळंतीण होती, कुशीत आठ दिवसांचं बाळ. राणी तिला दुधाचं विचारत होती, तेवढ्यात खाली काहीतरी खर्रकन घासलं. नाव कलली. बाळंतिणीनं राणीचा दंड आवळला.

"मागं घ्या," खुर्शीदबी म्हणाली. बाकी कुणी चकार शब्द काढला नाही.

सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे लपवतायत, हे राणीला आता पटलं. घरी येऊन तिनं अर्ज लिहिला: नावाड्यास दिसत नाही, तरी ही नाव तात्काळ बंद करावी. सही करताना मात्र हात थांबला. नाव बंद झाली तर बेटावरच्या बायका दवाखान्यात येणार कशा? आधी खात्री करावी.

पुढच्या खेपेला तिनं काठावरच्या बाभळीला डोळे तपासायचा तक्ता टांगला. "चाचा, आज सगळ्यांचे डोळे बघून राहिले. त्या खुणांचं तोंड कुठं हाय, ते हातानं दाखवा."

खाजा मियानं एका डोळ्यावर तळवा ठेवला. वर, खाली, डावीकडं. ओळी बारीक होत गेल्या. शेवटची ओळसुद्धा त्यानं बरोबर दाखवली. मग दुसऱ्या डोळ्यानं तेच.

"तिकडं बेटावरच्या खांबावर बगळा बसलाय," तो म्हणाला. "तोबी सांगू का?"

राणीचे कान तापले. "मग चाचींच्या सांगण्यावर नाव काहून चालवता?"

"मी वसमतचा, सिस्टर. घरजावई म्हणून आलो. खाली गाव हाय ते हिचं. भिंती, बुरूज, देवळाचा कळस. पाणी उतरलं की सगळं पाण्याच्या वीतभर खाली ऱ्हातं. मला वरून निस्तं पाणीच दिसतं. हिला गल्ली न् गल्ली ठाऊक. वल्ही मोजून सांगती. मागच्या बुधवारी तुमी बोलत व्हत्या, मोजणी चुकली."

राणीनं पर्समध्ये हात घालून अर्जाचा बोळा केला. मग ती हसली. "तर मग चाचींचेच डोळे जपायला पायजेत. या चाची, उभ्या ऱ्हा इथं."

"ऱ्हाऊ दे, लेकरा," खुर्शीदबी म्हणाली. "कशाला तकलीफ घेती. जलमल्यापासून आंधळी हाय मी."