जोमाने वाढणारं

कबड्डीचे प्रशिक्षक हणमंत शेलार तपासणीच्या खोलीत उभे राहून एका दमात "कबड्डी, कबड्डी" म्हणत होते आणि त्यांची बायको सुलभा कौतुकाने हसत होती. विषाणूच्या न्यूमोनियात त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग सडला होता. डॉक्टर अरुंधती बेडेकरांनी तो कापून काढला आणि त्या जागी प्रयोगशाळेत तयार केलेल्या जिवंत पेशींचं रोप लावलं. त्यातून नवं फुप्फुस वाढलं.

"बघा मॅडम, पोरं थकतात, पण मी थकत नाही," हणमंतराव म्हणाले.

बेडेकर पडद्यावरच्या स्कॅनकडे बघत होत्या. नवं फुप्फुस छातीच्या मध्यापलीकडे सरकून हृदयाला दाबू लागलं होतं.

"हे आता थांबायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "वाढलेला भाग उद्याच काढावा लागेल."

सुलभाताईंचं हसू मावळलं. "मागेही काढला होता ना?"

"हो. कापल्यावर ते जास्तच जोमाने वाढलं."

हणमंतराव खुर्चीत बसले. "मग उद्या कापून काय होणार?"

"थोडा वेळ मिळेल."

मग सुलभाताईंनी विचारलं, "असं रोप तुम्ही आणखी कुणाला लावलंय?"

दाराच्या काचेतून बाहेरची बाकं दिसत होती. तपासणीला आलेली माणसं तिथे दाटीवाटीने बसून खणखणीत आवाजात गप्पा मारत होती आणि बेडेकर त्यातला एकेक चेहरा ओळखत होत्या.