दारात येऊन बोलावणं

वेल्ह्याच्या एकवीस बायांपैकी सतरा जणी तिसऱ्या पानावर अडकल्या होत्या. धनश्रीनं सकाळपासून चारदा मोबाईल बघितला. आकडा जागचा हलला नव्हता.

घरच्या घरी छोटा धंदा उभा करू पाहणाऱ्या बायकांसाठी पुण्याच्या शेफालीमॅडम ऑनलाइन वर्ग घ्यायच्या, आणि त्या वर्गाच्या वर्कशीट उत्रोलीत बसून धनश्री बनवायची. बोट लावलं की चौकट उघडायची, लिहिलं की हिरवी व्हायची, आणि पान पुरतं भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. हे कुलूप धनश्रीच्याच डोक्यातून निघालेलं. त्याचा तिला कोण अभिमान! आता त्याच कुलपात सतरा जणी कोंडल्या होत्या आणि मॅडमचा निरोप आला होता, 'बारापर्यंत वाट बघू. त्यांना रस नसेल तर वेल्ह्याचा गट बंद करू.'

तो गट तिनं वाड्यावस्त्या पालथ्या घालून जमवला होता. लग्नाला दीड वर्ष झालं तरी गावात ती अजून सोमनाथची 'मोबाईलवाली'च होती. हे एवढं एक काम तिचं स्वतःचं होतं.

"आत्या, जरा हे भरून बघता का?" तिनं सासूबाईंपुढं मोबाईल धरला.

कमळाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला बोट पुसलं आणि तिसऱ्या पानावरच्या 'माझ्यातले तीन चांगले गुण' या ओळीखाली एकेक अक्षर दाबत तिन्ही चौकटी भरल्या. सोमनाथ. सून शिकलेली. म्हस गाभन.

धनश्रीला हसू फुटलं. "अहो आत्या, तुमचे गुण हवेत. तुमचे स्वतःचे."

"आपलीच आरती आपुनच ओवाळायची व्हय?" कमळाबाईंनी मोबाईल परत तिच्या हातात कोंबला. "भल्या घरची बाई असलं लिवंल का? लोकं हसत्याल."

सतरा चौकटी रिकाम्या का, ते धनश्रीला तेव्हा कळलं. पण मग विचारायचं काय, ते काही सुचेना. अकरा वाजून गेले होते.

"ओ काकी!" शेजारच्या परड्यातून रत्नाची हाक आली. तिच्याकडं आज कुरडयांचा घाट होता. "चीक शिजला का बघा की!"

कमळाबाई ढिम्म. सूप चालूच.

"आत्या, रत्नावहिनी बोलावताहेत."

"परड्यातनं वरडली म्हंजी बोलावनं न्हवं. गरज आसंल तर यील दारात."

आणि आलीच. कोपरापर्यंत चीक, कपाळावर घाम. "काकी, चला की. तुमच्याबिगर पातेलं उतरवायचं धाडस हुईना."

मग मात्र कमळाबाई उठल्या. पदर खोचला आणि निघाल्या अशा ऐटीत, की जणू लग्नातली करवलीच.

धनश्री त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मग घाईघाईनं खाली बसली, गुणांची ओळ पुसून टाकली आणि लिहिलं, 'लोक दारात येऊन तुम्हाला कोणत्या कामाला बोलावतात?'

कमळाबाई बोटाचा चीक चाटत परतल्या. त्यांनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. या वेळी पदराला बोट पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही. कुरडयांचा चीक बघाया. भाताच्या लावनीची पैली वळ धराया. गाय आडली की. नव्या नवरीला रडू आवरंना की.

"हितं जागाच न्हाई उरली गं."

धनश्रीनं चौकट मोठी करून दिली. त्यांनी आणखी दोन कामं लिहिली. शेवटचं होतं, मयताला आंघोळ घालाया.

नवं पान वेल्ह्याला गेलं तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. पाच मिनिटं काहीच घडलं नाही. मग एक चौकट हिरवी झाली. मग दोन. शेळी व्याया लागली की. वाकळ शिवाया. भावाभावांतलं भांडान मिटवाया. बारा वाजेपर्यंत चौदा जणी पुढच्या पानावर गेल्या होत्या, आणि धनश्रीला समोरचं नीट दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते. ती सगळी उत्तरं तिनं मॅडमना पाठवली. मॅडमचा उलट निरोप आला, 'गट चालू ठेवू.'

"आन् तुझा कागुद कवा भरायचा?" कमळाबाईंनी विचारलं.

"माझा कशाला? मला कोण बोलावतंय, आत्या!" धनश्री हसून म्हणाली खरी, पण शेवटी आवाज जरा चिरकलाच.

तांदळातला एक खडा वेचून कमळाबाईंनी अंगणात टाकला.

तेवढ्यात परड्यातून पुन्हा रत्नाची हाक आली. "ओ काकी! आमच्या सखूताईचा वेल्ह्यातनं फोन आलाय. त्ये म्होरलं पान कसं भरायचं, इचारतीया. तुमच्या मोबाईलवालीला पाठवा की जरा!"

धनश्री ताडकन उठली. एक पाय चपलेत गेलाही होता. कमळाबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांचा हात तांदळाच्या कोंड्यानं पांढरा झाला होता.

"बस खाली," त्या हळूच म्हणाल्या. "दारात यिऊ दे तिला."

धनश्री बसली. आत्यांनी मनगट सोडलं नव्हतं. परड्याचं फाटक करकरलं, पावलं अंगणात आली आणि रत्ना दारात येऊन उभी राहिली.

"धनश्री," ती म्हणाली, "येतीस का गं जरा?"