दुसऱ्या भागात येतलो

मेलेला उडत आला आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, पुढच्या रांगेत कुणी पॉपकॉर्न उधळलं. अलीमियाँ तेवढे बसून राहिले. पहिल्या भागात ह्या माणसाच्या अंगावर डोंगर कोसळला होता म्हणे, आणि त्याच्या सोबतच्या पाच वीरांनी रडतरडत त्याला मूठमाती दिली होती. आता तो दाढी करून, नवा पोशाख शिवून हजर. पाचांपैकी एकानेही विचारलं नाही, की बाबा रे, इतके दिवस होतास कुठे?

त्यांनी शेजारी पाहिलं. दहा वर्षांची नात शिफा टाळ्या वाजवत नव्हती. पडद्याकडेही बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती.

"इलो, दादा," ती म्हणाली. "अब्बांनी सांगितलेला तसो."

"इलो खरो," अलीमियाँ म्हणाले.

पहिला भाग तिला तिच्या बापाने, मुनीबने दाखवला होता. ती रडली तेव्हा म्हणाला होता, "रडतंस कित्याक? दुसऱ्या भागात येतलो." त्यानंतर चार महिन्यांनी त्याची होडी उलटली. सोबतचे दोघे कुणकेश्वरच्या वाळूला लागले. मुनीब लागला नाही. ह्याला तीन वर्षं झाली.

मयत समोर नसली तरी गायबाना जनाजाची नमाज पढता येते. मौलवी तयार होते. सून सनोबर तर आज सकाळीही विनवत होती, की एकदाची पढून घ्या, मला काय ते कळू दे. पण मुनीबचा बाप, अलीमियाँच, नको म्हणत असताना पढणार कोण? आणि बापाकडे हमझाचा दाखला होता. अलीमियाँच्या लहानपणी हमझा खलाशाची अशीच नमाज पढली गेली, आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला हमझा स्वतः येऊन पंगतीत बसला. वर मटणात मीठ कमी आहे म्हणाला. म्हणून "येतलो," असं अलीमियाँ सनोबरला सांगत, मौलवींना सांगत, आणि रोज शाळेत सोडताना शिफाला सांगत.

पिक्चर सुटला. थिएटरच्या पायऱ्यांवर गुरुप्रसाद नावाचा तरुण काठीला मोबाइल लावून उभा होता. कणकवलीत नवा पिक्चर लागला की तो तिथे असतोच. त्याचं चॅनल आहे. घरी मालवणी बोलणारा हा मुलगा कॅमेरा चालू झाला की थेट पुण्याचा होतो.

"आजोबा, कसा वाटला? पाचपैकी किती स्टार?"

"माका काय कळता त्यातला? ह्या चेडवाक विचार."

"पाच," शिफा म्हणाली.

"पैकीच्या पैकी! का गं?"

"तो परत इलो म्हणान." तिने आजोबांकडे पाहिलं. "माजे अब्बा दर्यात गेलेत. ते पण येतले. दादा रोज सांगता."

गुरुप्रसादचा माइक सवयीने पुढे गेला. "आणि आजोबा, तुमचे किती?"

'येतलो' हा शब्द अलीमियाँच्या स्वतःच्या तोंडून रोज निघायचा तेव्हा गोड लागायचा. पोरीच्या तोंडून, चार लोकांत, तो त्यांना ऐकवेना.

"एक," ते म्हणाले.

"एकच? एवढी फायटिंग, तो समुद्रातला सीन..."

"दर्या बरो दाखवल्यानी. पण मेलेल्याक परत आणूक नको होता."

"अहो, सुपरहिरो आहे तो!"

"आसांदे. तेच्या घरात कोण असतला का नाय? तेंनी किती वर्सां वाट बघूची?" त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "पोरां खरा मानतत रे. ह्या असा दाखवू नये."

गुरुप्रसादची काठी हळूहळू खाली आली.

अलीमियाँ पायरीवर बसले. त्यांनी शिफाला समोर उभं केलं.

"शिफा, आयक. तुजे अब्बा येवचे नाय. मी खोटा सांगी होतंय."

बाहेर पडणारी माणसं त्यांना वळसा घालून उतरत होती. शिफा त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत राहिली. ते आधीच लागलेलं होतं.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "अम्मीन मागच्या वर्साच सांगितल्यान."

"मगे पाच कित्याक दिलंस?"

"तुका बरा वाटांदे म्हणान."

गुरुप्रसाद मोबाइलवर काहीतरी करत होता. मग तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "पुसून टाकलंय, आजोबानू."

अलीमियाँनी मान हलवली. खिशातून स्वतःचा फोन काढला, तो शिफाकडे दिला; तिने घरचा नंबर लावून त्यांच्या कानाला धरला.

"सनोबर," ते म्हणाले, "मौलवींका सांग. येत्या जुम्म्याक मुनीबाची नमाज पढूया. मी पुढच्या रांगेत उभो रवतलंय."

पलीकडे स्वयंपाकघरातला नळ चालू होता. पाणी भांड्यात पडत असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं. मग तो बंद झाला.